रामशास्त्री, ग्रँटसाहेब आणि तालुक्याची कचेरी

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेच्या राज्यघटनेची रचना पाहिली. पहिलं कलम काँग्रेसचं, दुसरं राष्ट्राध्यक्षाचं, तिसरं न्यायालयांचं. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, त्याचा अर्थ लावून निवाडा करणारे वेगळे. व्याख्यान संपल्यावर जिन्यात एका श्रोत्याने आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "सर, यात अमेरिकेचं नवल काय? आपल्याकडे शिवाजी महाराजांचं अष्टप्रधान मंडळ होतं, त्यात न्यायाधीश वेगळाच होता की!"

प्रश्न चांगला होता. आम्ही त्यांना तिथल्या तिथे अर्धवट उत्तर दिलं आणि घरी येऊन आठवडाभर त्यावर विचार केला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. त्यासाठी फिलाडेल्फियाला फार वेळ थांबावं लागणार नाही. पुणे, मुंबई, धुळे आणि आपली ही माहीमच्या खाडीपलीकडची उपनगरं, एवढ्यात काम भागेल.

आधी एक भेद स्पष्ट करून घेऊ. कामाची वाटणी वेगळी आणि सत्तेची वाटणी वेगळी. घरात एकानं भाजी आणायची, दुसऱ्यानं वीजबिल भरायचं, ही कामाची वाटणी. पण पैसे कुणाच्या खिशातून निघतात आणि "उद्यापासून तू भाजी आणू नकोस" असं कोण म्हणू शकतं, हा सत्तेचा प्रश्न. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हाच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश होता, आणि एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे न्यायाधीश आणि पंडितराव हे दोघे सोडून बाकीच्या प्रधानांना प्रसंगी फौज घेऊन लढाईला जावं लागे. म्हणजे न्यायाचं काम निराळ्या जातीचं आहे, ही जाण तिथं होती. ती मोठीच गोष्ट आहे. पण आठही प्रधान छत्रपतींनी नेमलेले आणि छत्रपतींच्या मर्जीवर राहणारे होते. त्या काळात जगात बहुतेक ठिकाणी असंच होतं. तेव्हा तो दोष म्हणून आम्ही सांगत नाही. एवढंच म्हणतो की ती उत्तम कामाची वाटणी होती, सत्तेची वाटणी नव्हती.

मग सत्तेची वाटणी ओळखायची कशी? आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यायचो. कुठल्याही न्यायाधीशाकडे बोट दाखवा आणि विचारा. एक, याला काढू कोण शकतो? दोन, याचा पगार कुणाच्या हातात आहे? तीन, यानं दिलेला हुकूम बजावतो कोण, आणि त्यानं बजावला नाही तर काय होतं? हे तीन प्रश्न हातात ठेवा. आता गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट तुम्हाला पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी पकडले जाण्याऐवजी वाड्यावर ताबा घेऊन बसले आणि चुलते रघुनाथराव पेशवे झाले. न्यायाधीश होते रामशास्त्री प्रभुणे, साताऱ्याजवळच्या माहुलीचे. त्यांनी चौकशी केली. दोष रघुनाथरावांकडे जातो असं ठरवलं. आणि प्रायश्चित्त काय, असं विचारलं गेलं तेव्हा देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणं सोडून निघून गेले.

शाळेत ही गोष्ट आपण निःस्पृहतेचा धडा म्हणून शिकलो. तो धडा आहेच, आणि आमच्याही डोळ्यांत पाणी यायचं. पण आता तीन प्रश्न लावून पाहा. रामशास्त्र्यांना काढू कोण शकत होता? ज्याच्यावर खुनाचा आरोप होता तोच. पगार कुणाच्या हातात? त्याच्याच. हुकूम बजावणार कोण? पुन्हा तोच. मग शास्त्रीबोवांच्या हातात राहिलं काय? एकच हत्यार राहिलं, उठून चालू लागणं. ते त्यांनी वापरलं. रघुनाथराव पेशवेपदावरून गेले ते या निवाड्यानं नव्हे. बारभाईंनी, म्हणजे नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी, कारस्थान आणि फौज या दोन्हींच्या जोरावर त्यांना दूर ठेवलं. निवाडा खरा होता, न्यायाधीश थोर होता, तरी आरोपीला त्या निवाड्यानं धक्का लागला नाही. माणूस थोर असणं आणि व्यवस्था थोर असणं, या दोन गोष्टींतलं अंतर इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

पुढे रामशास्त्री पुण्याला परत आले आणि १७८९ साली वारले तोवर न्यायाधीश होते. आता ही तारीख जरा अमेरिकेच्या शेजारी ठेवा. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी बंद दाराआड बसून घटना लिहीत होते, तेव्हा पुण्यात रामशास्त्री न्यायासनावर बसलेले होते. आणि ज्या १७८९ साली शास्त्रीबोवा गेले, त्याच साली अमेरिकेत नवं सरकार सुरू झालं आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा कायदा झाला. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. सत्ताधाऱ्याला "तू चुकलास" असं सांगणाऱ्या माणसाचं संरक्षण कसं करायचं?

अमेरिकन लोकांना हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नव्हता. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाविरुद्ध तक्रारींची जी यादी आहे, तीत एक तक्रार अशी की राजानं न्यायाधीशांची नोकरी आणि पगार दोन्ही स्वतःच्या मर्जीवर ठेवले. पाहिलंत? आपले पहिले दोन प्रश्न. म्हणून घटनेच्या तिसऱ्या कलमात त्यांनी लिहून टाकलं की न्यायाधीश सद्वर्तन असेतोवर पदावर राहील आणि तो पदावर असताना त्याचा पगार कमी करता येणार नाही. इतकी साधी, जवळजवळ कारकुनी वाटणारी दोन वाक्यं. पण रामशास्त्र्यांकडे नेमकी हीच दोन वाक्यं नव्हती.

यामागचा विचार जेम्स मॅडिसननं मांडला. त्याचा सारांश असा की माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं, आणि राज्य करणारे देवदूत असते तर सरकारवर लगाम लागला नसता. दोन्ही नाही, म्हणून एका पदावरच्या माणसाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्या पदावरच्या माणसाच्या महत्त्वाकांक्षेसमोर उभी करायची. आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, सद्गुणांवर बोललो. त्यामुळे हा विचार पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडा कडू लागला. सद्गुणावर भिस्त न ठेवणारं राज्यशास्त्र! पण वय वाढलं तसं कळलं की यात माणसाचा अपमान नाही. उलट प्रत्येक न्यायाधीशाला रामशास्त्री असावंच लागेल अशी सक्ती यात नाही. साधा, बायकापोरं असलेला, महिनाअखेरीची काळजी करणारा माणूसही निर्भयपणे न्याय देऊ शकेल, अशी सोय करणं म्हणजे घटना.

तिसऱ्या प्रश्नाचं, हुकूम बजावण्याचं काय? तिथं मात्र अमेरिकन घटनाही न्यायालयाच्या हातात काही देत नाही. तलवार राष्ट्राध्यक्षाकडे, तिजोरी काँग्रेसकडे. १८०३ चा प्रसिद्ध मार्बरी खटला आठवा. हा विल्यम मार्बरी कोणी मोठा माणूस नव्हता. त्याची नेमणूक वॉशिंग्टनमध्ये जस्टिस ऑफ द पीस म्हणून, म्हणजे छोट्या मॅजिस्ट्रेटच्या जागी, झाली होती आणि नवं सरकार त्याला नेमणुकीचा कागद देईना. सरन्यायाधीश जॉन मार्शल पेचात होता. हुकूम द्यावा तर सरकार पाळणार नाही आणि न्यायालयाचं हसं होणार. त्यानं म्हटलं, मार्बरीचा हक्क खरा आहे, पण असा हुकूम थेट आम्ही काढावा असं सांगणारा काँग्रेसचा कायदाच घटनेशी विसंगत आहे, म्हणून तो रद्द. हातचा छोटा अधिकार सोडला आणि कायदा घटनेवर घासून पाहण्याचा मोठा अधिकार घेतला.

आता दुसरी गोष्ट. ही तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकली असेल, आणि ती आपल्या मुंबईतली आहे. १८२४ पासून मुंबईत राजाच्या सनदेनं सुप्रीम कोर्ट चालत होतं. आजच्या दिल्लीच्या कोर्टाशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं तेच. त्याचं क्षेत्र मुख्यतः मुंबई बेट. बाहेरच्या मुलखात, म्हणजे मोफसलात, कंपनीची कोर्टं.

१८२८ साली पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा एक मुलगा होता, साधारण चौदा वर्षांचा. तो पांडुरंग रामचंद्र या आपल्या वृद्ध नातलगाच्या ताब्यात होता. हे घराणं मोठं, पेशव्यांशी नातं सांगणारं. मुलाला कोंडून ठेवलं आहे, अशी तक्रार दुसऱ्या नातेवाइकांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात केली. कोर्टानं हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला, म्हणजे मुलाला आमच्यासमोर हजर करा. गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. त्यांचं म्हणणं, पुणं कोर्टाच्या हद्दीत नाही, आणि दक्षिणेतल्या सरदारांना अशा कोर्टासमोर ओढलं तर त्यांचा मान जाईल, राज्याला धोका होईल. सरकारनं न्यायाधीशांना पत्र लिहून कळवलं की असे हुकूम काढू नका, आणि हुकूम बजावण्याला सरकार मदत करणार नाही हेही स्पष्ट केलं.

कोर्टात तीन न्यायाधीश असायचे. त्यातले सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले, सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांनी माघार घेतली नाही. सरकार हुकूम बजावत नाही म्हटल्यावर १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी सुप्रीम कोर्टच बंद केलं.

बघा हं. माहुलीला निघालेले रामशास्त्री आणि कोर्टाला कुलूप घालणारे ग्रँटसाहेब, दोघांत पंचावन्न वर्षांचं अंतर, एक वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण, दुसरा स्कॉटिश वकील. पण हत्यार एकच. उठून जाणं.

पुढे काय झालं? प्रकरण विलायतेला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं आणि निकाल ग्रँटच्या विरुद्ध लागला. पुण्यापर्यंत असा हुकूम पाठवण्याचा या कोर्टाला अधिकार नाही, असं ठरलं. कायद्याचा अर्थ म्हणून तो निकाल बरोबरही असेल. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. हद्द कुठवर हे ठरवायचं ते कोर्टानं किंवा वरच्या कोर्टानं. माल्कमसाहेबांनी ते आपल्या दफ्तरात बसून पत्रानं ठरवलं होतं. आणि याच प्रकरणात लंडनहून लॉर्ड एलेनबरोनं माल्कमना एक खाजगी पत्र लिहिलं, ते पुढं बाहेर फुटलं. त्यात ग्रँटबद्दल अशा अर्थाचं लिहिलं होतं की आता दोन नवे न्यायाधीश पाठवतो आहोत, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये सापडलेला रानहत्ती होईल. न्यायाधीशांच्या नेमणुका करणारे लोक खाजगीत काय बोलतात, याचा इतका उघडा नमुना इतिहासात क्वचितच सापडतो. त्यातून आमच्या यादीत चौथा प्रश्न घालावा लागतो. याच्या शेजारी उद्या कुणाला बसवायचं, हे कोण ठरवतो?

अमेरिकेत तरी सगळं ठीक चाललं होतं का? याच सुमारास, १८३२ मध्ये, चेरोकी लोकांच्या मुलखावर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. निकाल कागदावर राहिला. १८३८ साली सैन्यानं चेरोकींना घरांतून काढून शेकडो मैल पश्चिमेला नेलं आणि वाटेत हजारोंनी मेले. आणि १८५७ साली त्याच न्यायालयानं ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. तेव्हा न्यायाधीश स्वतंत्र असला म्हणजे न्याय मिळेलच, असं समजण्याचं कारण नाही. गुलामगिरी गेली ती यादवी युद्धानंतर, घटनादुरुस्तीनं. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. घटनेच्या कलमांना नव्हे, लोकांना. महात्म्यांची नजर बरोबर जागी होती.

तिसरी गोष्ट लहान आहे. न्यायमूर्ती रानडे. तेव्हा ते पुण्यात सबजज्ज होते आणि सार्वजनिक सभेच्या कामात त्यांचं मार्गदर्शन असे. सरकारला ते डाचत होतं. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली, आणि १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असताना, धुळ्याला. तिथं त्यांची टपाल फोडून वाचली जात होती. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा काळ सांगितला आहे. विचार करा, दिवसा न्यायासनावर बसून लोकांचे निवाडे करणारा माणूस, आणि त्याचीच पत्रं सरकारचे लोक उघडून बघताहेत. त्यांना कोणी काढलं नाही, पगार कापला नाही. फक्त बदली केली. म्हणजे आमचा पाचवा प्रश्न: याची बदली कोण करतो? अधिकार घालवायला दर वेळी बडतर्फीच लागते असं नाही. धुळ्याचं तिकीट पुरतं.

आता आपण आपल्या गावात येऊ. आज आपण ज्याला सरसकट मुंबई म्हणतो, ती तेव्हा मुंबई नव्हती. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली झाला. अंधेरी, घाटकोपर हा भाग मुंबईच्या महापालिकेत आला १९५० साली. बोरिवली, मुलुंड आले १९५७ साली, तोवर ते ठाणे जिल्ह्याकडे. आणि कायद्याच्या दृष्टीनं माहीमची खाडी ही मोठी सीमा होती. खाडीच्या त्या बाजूला, मुंबई शहरात, पोलीस कमिशनर वेगळा आणि प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट वेगळे. खाडीच्या या बाजूला मोफसलाची पद्धत. जिल्ह्याचा कलेक्टर हाच डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट. तालुक्याला मामलेदार, तो सारा वसूल करणार, रानातल्या गवताचा, जमिनीच्या नोंदींचा कारभार बघणार, आणि मॅजिस्ट्रेट म्हणून छोट्या फौजदारी खटल्यांचा निकालही देणार. पोलिसांवरही डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटचाच वरचा हात.

आमचे आजोबा ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यात थोडी शेती करत. ते एक गोष्ट सांगायचे. दौऱ्यावर आलेल्या एका अंमलदारासाठी बैलगाड्या द्यायच्या होत्या. भाताची कापणी चालू होती, आजोबांनी गाडी दिली नाही. महिन्याभरानं कुठल्याशा वेगळ्याच किरकोळ कारणावरून समन्स आलं. कचेरीत जाऊन उभे राहिले तर समोर खुर्चीवर तोच अंमलदार, आता मॅजिस्ट्रेट म्हणून बसलेला. पाच रुपये दंड झाला. आजोबा म्हणायचे, "पाच रुपयांचं काही नाही रे. पण ज्याच्याबद्दल गाऱ्हाणं सांगायचं, त्यालाच 'सरकार' म्हणून हात जोडावे लागले, ते लागलं." आम्ही पुढं माँतेस्क्यू वाचला, त्याच्या १७४८ च्या ग्रंथात सत्ता एकवटण्याचे धोके वाचले, पण त्याआधी हे वाक्य ऐकलेलं होतं.

ही तक्रार एकट्या आजोबांची नव्हती. काँग्रेसनं १८८६ च्या, म्हणजे दुसऱ्याच, अधिवेशनापासून न्यायाचं काम आणि कारभाराचं काम वेगळं करा अशी मागणी लावून धरली होती. साठ वर्षं ती मागणी ठरावांतून फिरत राहिली.

मग १९४८ साल. संविधान सभा. ४ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा मांडला. ते १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, अमेरिकेची पद्धत त्यांना परकी नव्हती. त्यांनी सभेपुढं प्रश्न ठेवला तो असा. सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, दोन्ही पुरेपूर मिळत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला चार वर्षं हलवता येत नाही, म्हणजे स्थैर्य जास्त. आपल्या मसुद्यात मंत्रिमंडळ रोजच्या रोज संसदेला उत्तर देतं, प्रश्न, ठराव, अविश्वास, म्हणजे जबाबदारी जास्त. आपण जबाबदारी निवडतो आहोत. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले प्रा. के. टी. शहा यांना हे पटलं नाही. तिन्ही सत्ता एकमेकींपासून पूर्ण अलग असाव्यात, अशी दुरुस्ती त्यांनी डिसेंबरात मांडली. सभेनं ती नाकारली.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण परीक्षेत मुलं इथंच चुकायची. बाबासाहेबांनी अमेरिकन पद्धत नाकारली म्हणजे सत्तेची वाटणी नाकारली, असं नाही. मंत्री आणि संसद यांच्यातली भिंत त्यांनी काढली, कारण तिथं भिंतीपेक्षा रोजची उलटतपासणी उपयोगाची. पण न्यायालयाभोवतीची भिंत त्यांनी ठेवली, आणि अमेरिकेपेक्षा तपशिलानं बांधली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमताशिवाय काढता येत नाही. नेमणुकीनंतर त्याचे पगार-भत्ते त्याच्या तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत. आणि तालुक्याच्या कचेरीसाठी वेगळं कलम आलं, आजचं ५० वं. बाबासाहेबांनी ते नोव्हेंबरात मांडलं तेव्हा त्यात तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी मुदत काढून टाकली गेली आणि उरलं एवढंच की राज्य न्यायपालिका कार्यकारी यंत्रणेपासून अलग करण्यासाठी पावलं उचलेल. मुदत गेली तेव्हा काही सभासदांना चुटपुट लागली असेल. पण मुंबई राज्यानं फार वाट पाहिली नाही. १९५१ सालीच मुंबई विधिमंडळानं न्यायाची आणि कारभाराची कामं अलग करणारा कायदा केला. देशभर ही व्यवस्था एकसारखी आली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, १ एप्रिल १९७४ पासून. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या हाताखाली गेले. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तहसीलदार वगैरे, सरकारकडे राहिले, पण गुन्ह्याचा खटला चालवून शिक्षा देणं त्यांच्याकडून गेलं.

आजोबा १९७४ नंतर थोडीच वर्षं होते. आम्ही त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता दंड करणारा वेगळा आणि गाडी मागणारा वेगळा?" आम्ही हो म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, "आणि दोघं संध्याकाळी एकत्र चहा घेत नाहीत ना?"

हसू नका. हा घटनाशास्त्राचा प्रश्न आहे! त्या संहितेला पुरती तीन वर्षंही व्हायची होती, तेव्हा देशात आणीबाणी होती. १९७३ साली केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला होता. आणि एप्रिल १९७६ मध्ये, विनाचौकशी अटकेविरुद्ध नागरिकाला हेबियस कॉर्पस मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं. पाचवे होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. पुन्हा तेच. माहुली, कुलूप, राजीनामा. दोनशे वर्षांनंतरही चांगल्या न्यायाधीशाला शेवटी उठून जावं लागलं, तेही घटनेत सगळी कलमं जागच्या जागी असताना. कारण आमचा चौथा प्रश्न, शेजारी कुणाला बसवायचं आणि कुणाला वर चढवायचं, याचं उत्तर तेव्हा सरकारच्या हातात होतं. आज कॉलेजियम आहे, त्यावरही वाद आहेत. तो विषय पुढच्या वेळी.

पण आज घरी जाताना दिल्लीचा विचार करू नका, जवळचा करा. आमच्या पिढीतल्यांना आठवत असेल, दाखल्याच्या खऱ्या प्रतीवर शिक्का हवा असला की शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या 'एसईएम'कडे जायचं, विशेष कार्यकारी दंडाधिकारी. पुढे ते 'एसईओ' झाले, अधिकारी. दंडाधिकारी हा शब्द किती सैल वापरला गेला होता, ते त्या शिक्क्यावरून कळतं. ते निरुपद्रवी होतं. पण मुंबईत 'चॅप्टर केस' होते तेव्हा शांतता राखण्याचा बाँड घेणारा विशेष कार्यकारी दंडाधिकारी हा बहुधा पोलीस खात्यातलाच सहायक आयुक्त असतो. तडीपारीचा हुकूम पोलीस उपायुक्त काढतो. तक्रार पोलिसांची, सुनावणी पोलिसांसमोर. वर उच्च न्यायालय आहे, आणि तिथं असे हुकूम रद्दही होतात, पण झोपडीत राहणाऱ्या पोराला तिथवर जायला वकील लागतो. आपल्या सोसायट्यांचं घ्या. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, जिल्हा उपनिबंधकासमोर चालतं. तो न्यायाधीशासारखी सुनावणी घेतो, पण नेमणूक आणि बदली सरकारची. हे अधिकारी वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. अनेक जण नेकीनं काम करतात, आम्ही पाहिलं आहे. इतकी प्रकरणं कोर्टांवर टाकली तर कोर्टं बुडतील, हेही खरं. पण तुम्ही त्या टेबलासमोर उभे राहाल तेव्हा आपले प्रश्न मनात म्हणा. याला काढतो कोण? पगार कुणाच्या हातात? हुकूम बजावतो कोण? शेजारी कुणाला बसवतात? बदली कोण करतो?

जिन्यातल्या त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. न्यायाधीश वेगळा असणं ही आपली जुनी आणि चांगली परंपरा आहे, तिचा अभिमान जरूर बाळगा. पण रामशास्त्र्यांचा पुतळा उभारणं सोपं आहे. रामशास्त्री नसलेल्या माणसालाही ताठ बसता येईल अशी खुर्ची करणं अवघड. अमेरिकेनं १७८७ मध्ये त्या खुर्चीचे दोन पाय बसवले, आपण १९५० मध्ये आणखी काही बसवले. सगळे बसले आहेत असं आम्हाला वाटत नाही.

वेळ झाली आहे, बोरिवलीच्या मंडळींना शेवटची जलद गाडी गाठायची आहे. प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.